म्हापसेकर, तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर: ‘श्वास’ मी तिसऱ्यांदा पाहिला

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण माझा लेख नीट वाचून लिहिलेली आहे. त्यामुळे नुसते आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

२००४ साली ‘श्वास’ पाहून मी रडलो होतो आणि यंदा तोच सिनेमा संथ, उगाच डोक्यावर घेतलेला वाटला, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं: सिनेमा आहे तसाच आहे, बदललात तुम्ही. तेव्हा स्वतःच्या आजोबांसाठी रडलात, आता स्वतःच्या थकव्याने कंटाळलात. यात परीक्षण कुठे आहे? मूड घरी ठेवून सिनेमाला बसा.

आजोबांविषयीचं तुमचं म्हणणं खरं आहे. लेखात मी त्यांच्यावर एकच ओळ लिहिली होती. माझा आजो त्या वर्षी बांबोळीला वॉर्डात होता. मी म्हापशाहून पणजी, पणजीहून बांबोळी अशा दोन बसेस करून पेजेचा डबा न्यायचो. शेवटचे चार दिवस डबा भरलेलाच परत आला. तो गेल्यावर दोन आठवड्यांनी म्हापशाच्या थिएटरात मी हा सिनेमा पाहिला.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर गेल्या रविवारी सकाळी, फोन आतल्या खोलीत ठेवून, एका बैठकीत तो पुन्हा पाहिला. त्यातल्या आजोबांच्या तोंडी एक वाक्य आहे, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलोय: ‘आधी पेज जेव, मग बघू.’ ते वाक्य सिनेमात नाही. शोधत बसलो, नाहीच. मग ते स्वतःशीच पुटपुटलो तेव्हा जिभेवर कोकणी आली: ‘पयलीं पेज जेव, मागीर पळोवया.’ शाळेतून रडत आलो की आजो हेच म्हणायचा. त्याचं वाक्य मी मराठीत करून सिनेमातल्या आजोबांच्या, म्हणजे अरुण नलावड्यांच्या तोंडी घातलं होतं, आणि मला पत्ताही नव्हता.

फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली हेच दाखवलं होतं. अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा त्याने इंग्रजांना वाचायला दिली आणि नंतर आठवून सांगायला लावली. लोकांच्या सांगण्यात आदिवासींच्या होडीची साधी बोट झाली, सील मारायला गेलेली माणसं मासेमारीला गेली. आठवताना प्रत्येकाने ती आपल्या ओळखीची करून घेतली.

पण ‘मूड घरी ठेवा’ हे मला पटत नाही. नातवाचा जीव वाचवायचा तर त्याचे डोळे जाणार, आणि हे त्या पोराला सांगायचं कसं, हा त्या आजोबांपुढचा पेच आहे. आमच्या आजोला काय झालंय, ते आम्ही त्याला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. तो विचारायचा आणि आम्ही डब्याचं झाकण उघडायला लागायचो. त्या दुःखामुळे सिनेमातला तो पेच मला आतून कळला. धड झोपलेला, सुखी प्रेक्षक म्हणून मी तो तितका पाहिला असता, असं मला वाटत नाही.

‘संथ’ हा शेरा मात्र मागे घेतो. यंदा पहिल्यांदा पाहिला तो दोन रात्रींत, तुकड्यातुकड्यांनी, फोनवर. संथ त्या रात्री होत्या. जे दिसतंच आहे ते काही प्रसंग पुन्हा शब्दांत सांगतात, ही तक्रार तिसऱ्यांदाही टिकली, म्हणून ती ठेवतो. आणि डॉक्टरसमोर बसलेला नलावड्यांचा आजोबा तिन्ही वेळा तितकाच खरा वाटला. वेगवेगळ्या दिवशी पाहूनही जे उरतं, त्याला मी परीक्षण म्हणेन.

इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही २००४ सालीच गोव्यात आला. तेव्हापासून दर नोव्हेंबरात पणजीत आपण एकाच सिनेमावर तावातावाने भांडतो. एकाने तो सकाळी ताजेपणी पाहिलेला असतो, दुसऱ्याने दिवसातला चौथा म्हणून, उपाशीपोटी. हे कोणी कोणाला विचारत नाही.

१९८३ साली नॉर्बर्ट श्वार्झ आणि जेराल्ड क्लोर यांनी लोकांना फोनवर विचारलं, आयुष्यात समाधानी आहात का? ऊन असलेल्या दिवशी लोक जास्त समाधानी निघाले. पण आधी ‘तुमच्याकडे हवा कशी आहे?’ असं विचारलं की हा फरक उरायचा नाही. हवेचा परिणाम पुढच्या मोठ्या पाहण्यांत इतका ठळक आढळला नाही, हेही सांगायला हवं. तरी आधी हवा विचारण्याची रीत मला घेण्यासारखी वाटते. यापुढे प्रत्येक लेखाच्या माथ्यावर सिनेमा कुठे, कधी, कशा अवस्थेत पाहिला ते लिहीन. जुन्या लेखातला ‘संथ’ पुसलेला नाही. त्यावर रेघ मारून शेजारी रविवारची तारीख टाकली आहे.

तुम्ही लिहिलंय की सिनेमा संपल्यावर कोणी खुर्चीतून उठलं नाही. मला आठवतात दारापाशी फटाफट उघडणाऱ्या छत्र्या. तुम्ही तो कुठे पाहिला होतात, आणि बरोबर कोण होतं?