मर, भुरी आणि लसणाचा अर्क: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वनस्पतींच्या अर्काने पिकावरची बुरशी आवरण्याबद्दल मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं असं: मर (झाड उभ्या उभ्या वाळवणारा रोग) लागलेल्या हरभऱ्यावर कडुलिंब-लसणाचा अर्क दोनदा मारला, काडीचाही फरक पडला नाही; अर्काचे बुरशी मारण्याचे गुण प्रयोगशाळेतल्या ताटलीपुरतेच; खरंच दम असता तर कंपन्यांनी विकलं नसतं का? म्हणून पाला वाटायला लावणं ही दिशाभूल.

आधी मर. फ्युजेरियम बुरशी जमिनीतून मुळात शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद पाडते. रोग खोडाच्या आत आणि तुमचा फवारा पानावर! अहो, कार्बेन्डाझिमसारखं रासायनिक बुरशीनाशक फवारलं असतं तरी तेच झालं असतं. पानावर पडलेलं तेही मुळाकडे उतरत नाही.

भुरीचं, म्हणजे पानावर पांढरी पूड धरणाऱ्या रोगाचं, तसं नाही. ती पानाच्या वरच पसरते, आत फक्त अन्न शोषणारी टोकं खुपसते. म्हणून साबण घालून फेटलेलं निंबोळी तेल तिला थेट गाठतं. भेंडी, दोडका, काकडीवर पहिला पांढरा ठिपका दिसला की लगेच मारायचं, पान पिठात घोळल्यासारखं झाल्यावर नाही. द्राक्षातला केवडा हा रोग मात्र पानाच्या आत वाढतो. औशाकडच्या बागायतदाराला तिथे नुसत्या अर्कावर विसंबा असं मी सांगणार नाही.

ताटलीबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथे अर्क बुरशीच्या अन्नातच कालवलेला असतो, ऊन नाही, पाऊस नाही. वावरात अर्क उन्हाने आणि पावसाने लवकर संपतो. म्हणून संध्याकाळी फवारायचा आणि पुन्हा पुन्हा फवारायचा.

लसणाचं तर वेगळंच आहे. त्यातला बुरशीला मारक असणारा ॲलिसिन अख्ख्या पाकळीत नसतोच, पाकळी ठेचल्यावर तयार होतो. आपल्याकडे लसूण गोमूत्रात खळखळ उकळतात नाहीतर महिनाभर पिंपात मुरवतात. त्यात ॲलिसिन कुठून उरणार? ठेचा, गार पाण्यात कालवा, फडक्याने गाळा, त्याच दिवशी मारा. (अर्कात धोतऱ्याचा पालाही घालणार असाल तर हातमोजे घाला, तो विषारीच आहे.)

राहिला कंपन्यांचा प्रश्न. दुकानात मिळणारं ॲझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक कुठून आलं? लाकडावर वाढणाऱ्या एका अळिंबीतल्या द्रव्यावरून. मूळ द्रव्य उजेडात टिकत नव्हतं, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलली आणि १९९६ च्या सुमारास ते बाजारात आलं. अळिंबी म्हणजे पाला नव्हे, मान्य. पण निसर्गातल्या द्रव्यात दम असतो, त्याला टिकाऊपणा नसतो, हे त्यातून दिसतंच.

आता तुमच्या वावराचं. ही बुरशी जमिनीत पाच-सहा वर्षंही तग धरते, तेव्हा त्या तुकड्यात पुढचे काही रब्बी हरभरा नको, ज्वारी घ्या. नंतर हरभरा घ्यालच तर विजय, दिग्विजयसारखं मर-प्रतिकारक वाण घ्या आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच, पण रोगाच्या बुरशीला मारणारी; कार्बेन्डाझिमसोबत चोळली तर तीच मरेल. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स, म्हणजे उपयोगी सूक्ष्मजीवांचं मिश्रण, आपल्याकडचे हळदवाले वापरतात, तेही विचारून पाहा. तुरीलाही मर लागत असेल तर बदनापूरचं बीडीएन ७११ हे तुरीचं वाण आहे.

बी घरचं होतं की विकतचं, आणि वाण कोणतं, तेवढं कळवा.