पुढच्या रांगेचं तिकीट

जुन्या थिएटरांच्या आठवणी निघाल्या की बाल्कनी, मध्यंतरातला समोसा आणि हातानं रंगवलेली पोस्टरं यांवर सगळे भरभरून लिहितात. मीही वाचते, मलाही भरून येतं. पण थिएटरं पडली तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं झालं, हे त्यात फारसं येत नाही. ते झालं पुढच्या रांगेतल्या माणसाचं.

नाटकाला पहिली रांग सर्वांत महाग. सिनेमाला उलटं. पडदा अंगावर येईल इतकं पुढे बसणाऱ्याचं तिकीट सर्वांत स्वस्त. कुठे त्याला थर्ड क्लास म्हणायचे, कुठे पिट. हमाल, हॉटेलात काम करणारी पोरं, बाजाराला आलेले शेतमजूर तिथे मान वर करून तीन तास बसायचे. डॉक्टर, वकील वर बाल्कनीत. खुर्च्या वेगळ्या, कित्येक ठिकाणी जिनेही वेगळे. त्याला समता म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण खेळ एकच होता, आणि पहिली शिट्टी खालून यायची. चिल्लर उधळली जायची तीही खालूनच. सिनेमा चालणार की पडणार, ते पहिल्या दिवशी हीच माणसं ठरवायची.

आमच्याकडे बायकांची तिकीट खिडकी वेगळी होती. तिथली रांग लहान, म्हणून अख्ख्या घराची तिकिटं काढायला आई आणि मावशी पुढे व्हायच्या. एरवी बाजारपेठेत फारसं न थांबणाऱ्या बायका तिथे निवांत उभ्या असत.

मुंबईत लालबागचं भारतमाता थिएटर बघा. आजूबाजूला गिरण्या, पाळी सुटलेला कामगार हाच प्रेक्षक. 1982 च्या संपानंतर गिरणगावाची रया गेली, तरी तिथे मराठी सिनेमा लागत राहिला. मराठा मंदिरमध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' 1995 पासून वर्षानुवर्षं चालला, त्याचं कौतुक लोक शाहरुखच्या नावावर जमा करतात. मला त्यात तिकिटाचा दरही दिसतो. समोर मुंबई सेंट्रल स्टेशन, शेजारी एसटीचं आगार. गाडीला वेळ असलेला प्रवासी पन्नासेक रुपयांत थंडगार हॉलमध्ये जाऊन बसू शकतो, अशी जागा या शहरात आता दुसरी कोणती आहे?

ड्राइव्ह-इन ही मोटारवाल्यांची चैन, असं वाटतं. पण अहमदाबादला 1973 मध्ये सनसेट ड्राइव्ह-इन सुरू झालं, तिथे गाडी नसलेल्यांनाही पडद्यासमोर बसायची सोय होती. आणि आपल्याकडच्या टुरिंग टॉकीजला तर गाडी लागतच नव्हती. पुसेगावसारख्या यात्रांत तंबू लागायचे, ट्रकच्या मागच्या भागात प्रोजेक्टर, कर्ण्यावर पुकारा. आत जमिनीवर बसायचं, सतरंजी घरून आणलीत तर उत्तम. बैलगाडीतून आलेलं सगळं बिऱ्हाड तिथे रात्रभर एकामागून एक खेळ बघत असे. शहरातलं थिएटर परवडत नव्हतं किंवा लांब होतं, त्या माणसाकडे सिनेमा स्वतः चालत गेला. मला याचं फार मोल वाटतं.

हे सगळं आपोआप संपलं, टीव्ही आणि मोबाइल आला म्हणून संपलं, हे मला अर्धंच खरं वाटतं. 2000 नंतर राज्य सरकारने नव्या मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षं करमणूक करात सूट दिली. त्याच काळात एकपडदा थिएटरवाले कर भरत होते, गळकं छप्पर सांभाळत होते. पुढे रिळं जाऊन डिजिटल आलं, त्याचाही खर्च त्यांच्याच माथी. मालकांनी जागा विकल्या तर दोष एकट्या त्यांचा कसा?

आता जिथे जुन्या थिएटरच्या जागी टॉवर उभे राहतात आणि खाली एखादा छोटा पडदा ठेवला जातो, तिथे माझी एक मागणी आहे. पुढच्या दोन-तीन रांगा शंभर रुपयांच्या आत ठेवा. कायमच्या, फक्त मंगळवारच्या सवलतीपुरत्या नव्हेत. शंभराच्या आतल्या तिकिटाला जीएसटीही कमी लागतो. पुढच्या रांगा नाहीतरी रिकाम्याच असतात.

तुमच्या गावात थर्ड क्लासचं तिकीट केवढ्याला होतं? थिएटरच्या नावासकट लिहा. मी यादी करते आहे, आणि आमच्याकडे नवं थिएटर बांधणाऱ्यांना ती नेऊन देणार आहे.