‘मग पीडितांचं काय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बौद्धिक दिव्यांग आरोपींसाठी तुरुंगाला पर्याय हवा, या माझ्या लेखावर तुमच्या तीन हरकती आहेत. ही गुन्ह्याची माफी झाली. उद्या जो तो ‘मतिमंद’ असल्याचं सर्टिफिकेट घेऊन कोर्टात उभा राहील. आणि पीडितांचा विचार कुणी करायचा.

सर्टिफिकेटचं आधी उरकतो. न्यूझीलंडने २००३ साली यासाठी वेगळा कायदाच केला. बुद्ध्यांक ७० किंवा त्याखाली, एवढ्यावर तिथे भागत नाही. बोलणं, स्वतःची निगा, लिहिणं-वाचणं असल्या रोजच्या निदान दोन बाबतींत मोठी अडचण लागते, आणि ती अठराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागते. चाळिशीत पकडला गेलेला भामटा तसलं लहानपण कुठून पैदा करणार?

माफीचं म्हणाल, तर त्याच कायद्याखाली कोर्ट अशा माणसाला तीन वर्षांपर्यंत सक्तीच्या देखभालीत ठेवतं, जरूर पडली तर बंदिस्त जागेत. मुदत संपली की फॅमिली कोर्ट ती वाढवू शकतं. भुरट्या चोरीला झाली असती त्याहून जास्त वर्षं माणूस अडकून पडू शकतो. मला तर काळजी या टोकाची वाटते!

पीडितांचा प्रश्न मात्र रास्त आहे, म्हणूनच अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं उदाहरण देतो. अर्ल वॉशिंग्टन हा बौद्धिक दिव्यांग शेतमजूर. १९८३ मध्ये पोलिसांनी विचारलं त्याला तो ‘हो’ म्हणत गेला. बलात्कार आणि खून झालेली बाई गोरी होती, हा म्हणाला काळी. वार ३८, हा म्हणाला दोन-तीन. तरी फाशीची शिक्षा झाली आणि १९८५ मध्ये ती नऊ दिवसांवर आली होती. पुढे डीएनएवरून तो निर्दोष ठरला, २००० मध्ये त्याला पूर्ण माफी मिळाली. खऱ्या गुन्हेगाराने गुन्हा कबूल केला तो २००७ साली. त्या बाईच्या घरच्यांना इतकी वर्षं कुठला न्याय मिळाला होता?

साहेबांना खूश ठेवायला ‘हो’ म्हणणारी माणसं आपल्याही चौक्यांत येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्यात, थोडी वाट आहे: आरोपी स्वतःचा बचाव करू शकत नाही असं ठरलं, तर गुन्हा अजामीनपात्र असला तरी नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या हमीवर त्याला सोडता येतं. पण हमी कसली? जवळच्या दवाखान्यात नियमित मानसोपचार करून घेण्याची, आणि त्याने स्वतःला किंवा इतरांना इजा करू नये हे बघण्याची. बौद्धिक दिव्यांगत्व हा काही गोळीने बरा होणारा आजार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर ते मानसिक आजाराच्या व्याख्येतूनच वगळलंय. त्याला लागतं ते शिकवणारं माणूस आणि हाताला काम. नेमकं तेच त्या हमीत नाही. तुम्हाला खोट काढायचीच असेल तर इथे काढा, मी तुमच्या बाजूने लिहीन.