गर्दी बाजूला झाली याला ‘पेव्ह’ म्हणत नाहीत!

काल रात्री भाचीने सराव चाचणीचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. नववीत आहे पोरगी. रिकाम्या जागा भरायच्या होत्या. वाक्य असं : ‘द क्राउड स्टेप्ड असाइड अँड ____ द वे फॉर द अॅम्ब्युलन्स.’ पर्याय चार. पेव्ह्ड, क्लिअर्ड, पेड, लॉस्ट. तिने ‘क्लिअर्ड’ लिहिलं. त्याच्यावर भलीमोठी लाल फुली, आणि शेजारी बाईंच्या अक्षरात ‘बरोबर’ उत्तर : पेव्ह्ड.

बरोबर? कुठल्या इंग्रजीत बरोबर?

राहवलं नाही, सकाळी बाईंना फोन केला. अगदी शांतपणे विचारलं. उत्तर काय यावं? ‘अहो ताई, अर्थ तोच आहे ना? गाइडमध्ये तसंच दिलंय. पेव्ह द वे म्हणजे अडथळे दूर करणे. आणि क्लिअर तर साधा शब्द झाला, धडा वाक्प्रचारांचा आहे.’

बारा वर्षं मी घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. बारा वर्षं ही एक ओळ माझा पिच्छा पुरवते आहे. ‘अडथळे दूर करणे.’ गाइडं बदलली, मुखपृष्ठं चकचकीत झाली, किंमत दुप्पट झाली, ही ओळ तिथेच. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे दोन-तीन शब्दांत मराठी अर्थ, की झालं शिकवून! पोरं रात्रभर पाठ करतात आणि सकाळी ‘शी पेव्ह्ड ऑल ऑब्स्टॅकल्स’ लिहून मोकळी होतात. का नाही लिहिणार? ‘पेव्ह’ म्हणजे दूर करणे असंच त्यांना सांगितलंय. मग तिने सगळे अडथळे ‘पेव्ह’ केले! त्यांचं काहीच चुकलं नाही, त्यांच्या हातात चुकीचं हत्यार दिलंय आपण.

अहो, तो शब्द नुसता उघडून तरी बघा. पेव्ह म्हणजे फरसबंदी करणे, पक्का रस्ता करणे. मूळ लॅटिन, ‘पाविरे’, म्हणजे बडवून, ठोकून घट्ट करणे. आपल्याकडे मातीची जमीन चोपण्याने चोपायचे, डोळ्यांपुढे ते आणा. मुरूम टाका, पाणी मारा, चोपा, पुन्हा चोपा. वेळ लागतो त्याला. आणि हे सगळं नंतर येणाऱ्यासाठी. आज कोणीतरी काम करून ठेवतं आणि त्यामुळे पुढे काहीतरी होणं शक्य होतं, सोपं होतं, तेव्हा ‘पेव्ह द वे’. आता सांगा, विसर्जनाच्या मिरवणुकीत सायरन ऐकून गर्दी दुभंगते, कार्यकर्ते हाताची साखळी करून गाडीला वाट करून देतात, क्षणात गाडी जाते, क्षणात गर्दी पुन्हा मिळते. यात कोणी काय बांधलं? कोणती फरशी घातली? वाटेत माणसं होती, ती सरकली. ‘क्लिअर्ड द वे.’ पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, जेसीबी येतो, दगडमाती बाजूला करतो, वाहतूक सुरू होते. तेही ‘क्लिअर्ड’. पोलिसांनी मंत्र्याच्या ताफ्यासाठी हातगाड्या हटवल्या, तेही ‘क्लिअर्ड’. जे आडवं आलं होतं ते हटवलं, विषय संपला. आणि ‘क्लिअर द वे’ हा वाक्प्रचार नाही असं त्या बाईंना कोणी सांगितलं? न्यायालयाने स्थगिती उठवली आणि रखडलेलं काम सुरू होणार, तिथेही तो चालतोच की.

‘पेव्ह’साठी कसलं उदाहरण हवं, सांगू? 1848. पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शाळेत जायच्या तेव्हा लोक अंगावर शेण फेकायचे, म्हणून त्या सोबत एक जादा लुगडं घेऊन जायच्या, ही हकिगत आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. त्यांच्यासाठी कोणी वाट ‘क्लिअर’ केली होती का? अडथळे जिथल्या तिथे होते! शेण होतं, शिव्या होत्या, घर सोडावं लागलं होतं. त्यातून त्या रोज चालत गेल्या, आणि त्यांच्या चालण्याने मागून येणाऱ्यांसाठी रस्ता तयार झाला. ‘दॅट स्कूल पेव्ह्ड द वे फॉर गर्ल्स एज्युकेशन इन महाराष्ट्र.’ हे आहे वाक्य. हे लिहून द्या ना पोरांना! एकदा हे वाक्य डोक्यात बसलं की अॅम्ब्युलन्ससाठी कोणी मरेपर्यंत ‘पेव्ह’ लिहिणार नाही. माझ्या शिकवणीतली मुलं नाही लिहीत. मी भिडेवाडा सांगते, घाटातली दरड सांगते, आणि विचारते, यातलं बांधकाम कुठलं आणि सफाई कुठली? पाचवीतल्या पोरालाही कळतं. दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं!

आणि मराठीत आपल्याला हे कळत नाही असं थोडंच आहे? वाट काढणं वेगळं, वाट देणं वेगळं, वाट करून देणं वेगळं. वाट पाहणं वेगळं, वाट लागणं वेगळं, कोणाच्या वाटेला जाणं तर आणखीनच वेगळं. आजीने कधी उजव्या रकान्यात अर्थ लिहून शिकवलं होतं का हे? ‘माझ्या वाटेला जाऊ नकोस’ असं कोणीतरी डोळे वटारून म्हणालं आणि कळलं. डोळ्यांत पाणी आलं, बांध फुटला आणि मोठ्या माणसांनी म्हटलं, करून दे अश्रूंना वाट मोकळी. कळलं. प्रसंगातून कळलं. मग इंग्रजी शिकवताना प्रसंग कुठे जातो? तिथे नुसती यादी का? उद्या परक्या माणसाला कोणी शिकवलं की ‘वाट’ म्हणजे रोड, आणि तो येऊन म्हणाला की महापालिकेने आमच्या गल्लीची वाट लावली, म्हणजे त्याला म्हणायचं होतं नवा रस्ता केला, तर आपण त्याला बरोबर धरू का? गुण देऊ का?

‘पेड’ आणि ‘पेव्ह्ड’चा घोळ तर विचारूच नका. ‘पे युअर वे’ म्हणजे स्वतःचा खर्च स्वतः भागवणं. कॉलेज करता करता नोकरी करणारी पोरं ते करतात. पण कानाला सारखं लागतं म्हणून अर्धा वर्ग ‘ही पेड द वे फॉर हिज ब्रदर’ लिहितो, आणि तपासणाऱ्याच्याही लक्षात येत नाही की याने भावाला रस्ता करून दिला की त्याच्या तिकिटाचे पैसे भरले. ‘गिव्ह वे’ आणि ‘मेक वे’ यांनाही त्याच यादीत, त्याच अर्थाखाली बसवलेलं मी बघितलंय. ‘गिव्ह वे’ म्हणजे माघार घेणं, दुसऱ्याला आधी जाऊ देणं. आणि पूल ‘गेव्ह वे’ म्हणजे पूल कोसळला! अडथळे दूर झाले म्हणे. पूल कोसळला आणि अडथळे दूर झाले!

पुढचं व्याकरण तर कोणी सांगतच नाही. ‘पेव्ह द वे’ म्हटलं की पाठोपाठ ‘फॉर’ येतं, आणि ‘फॉर’नंतर नाम, नाहीतर आयएनजीवालं रूप. किंवा ‘फॉर’, मग माणूस, मग ‘टू’. ‘पेव्ह्ड द वे फॉर हर टू बिकम अ डॉक्टर.’ एवढंच. पण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुलांच्या वहीत ‘पेव्ह्ड द वे टू स्टार्ट द प्रोजेक्ट’ असतं, आणि त्यावर शाळेची हिरवी बरोबरची खूण असते. ती खूण बघून जास्त राग येतो मला. फुलीने निदान मूल विचारतं, का चुकलं? खुणेने ते कायमचं चुकीचं शिकतं.

पुढे ही मुलं स्पर्धा परीक्षेला बसतात. तिथे पर्यायात ‘पेव्ह’ आणि ‘क्लिअर’ शेजारी शेजारी ठेवणारा माणूस मुद्दाम ठेवतो. त्या एका गुणावर नाव यादीत येतं किंवा नाही येत. खेड्यातून आलेला, खोलीत तिघांबरोबर राहून अभ्यास करणारा मुलगा तो गुण घालवतो, आणि स्वतःला दोष देतो की माझं इंग्रजीच कच्चं. तुझं नाही रे कच्चं! ज्याने ती यादी छापली आणि ज्याने ती डोळे मिटून फळ्यावर उतरवली, त्यांचं कच्चं.

बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, उत्तरसूची वरून आलीय, मी बदलू शकत नाही. म्हणजे चूक आहे हे कळलं तरी बदलायचं नाही!

संध्याकाळी भाची कागद घेऊन पुन्हा आली. ‘आत्या, सहामाहीत हाच प्रश्न आला तर काय लिहू? खरं ते, की गाइडमधलं?’ चौदा वर्षांच्या पोरीला हा प्रश्न पडावा! मी म्हटलं, क्लिअर्ड लिही. गुण कापले तर शब्दकोश घेऊन मी येते शाळेत, आणि या वेळी फोनवर बोलणार नाही.