बोक्याच्या सहीने

आमच्या जुन्या मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले दोन आठवडे घमासान चालू आहे. एका मैत्रिणीने प्राण्यांशी मनाने बोलण्याचा ऑनलाइन कोर्स केला. आता ती नुसता फोटो बघून तुमचा कुत्रा काय म्हणतोय ते सांगते आणि त्याचे पैसे घेते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत वाढलेला आमचा एक मित्र यावर उसळला. ही सरळसरळ बुवाबाजी आहे म्हणाला, कायदा काय शोभेला आणलाय का? तिने विचारलं, मी कुणावर जबरदस्ती केली का? मग नेहमीप्रमाणे मला मधे ओढलं गेलं. "तू बर्लिनला असतेस ना? तिकडे तर याला मान्यता आहे. सांग याला जरा."

परदेशात राहणाऱ्या माणसाचा हा एक कायमचा हुद्दा असतो: साक्षीदार. दोन्ही बाजू त्याला आपापल्या वतीने उभा करतात, आणि त्याने काय पाहिलंय हे विचारायच्या आधीच त्याची साक्ष ठरलेली असते. म्हणून आधी त्या 'मान्यते'चं सांगते.

जर्मनीत प्राण्यांशी टेलिपॅथीने बोलणाऱ्या बायका (पुरुष फारसे दिसत नाहीत) भरपूर आहेत. कोर्स आहेत, प्रमाणपत्रं आहेत. पण ती प्रमाणपत्रं कोर्स घेणाऱ्यांनीच छापलेली असतात. उद्या मी दारावर पाटी लावली तर मला कुणी अडवणार नाही, इतकाच त्या मान्यतेचा अर्थ. कुणी अडवत नाही म्हणजे कुणी तपासूनही घेतलेलं नाही.

इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे एकदा याच जातकुळीचा खटला आला होता. प्राण्यांचा नव्हे, पत्ते मांडून भविष्य सांगणाऱ्या बाईंचा. एका गिऱ्हाइकाने त्यांना वर्षभरात हजारो युरो दिले होते आणि उरलेल्या बिलासाठी त्या कोर्टात गेल्या होत्या. जानेवारी २०११मध्ये निकाल लागला. न्यायालय म्हणालं, जादुई शक्तीने दिलेली सेवा ही वस्तुतः अशक्य सेवा आहे, विज्ञानाच्या आधारे ती सिद्ध करता येत नाही. पण हे ठाऊक असूनही दोन सज्ञान माणसांनी पैशांचा करार केला, तर केवळ अशक्य आहे म्हणून पैसे बुडवता येणार नाहीत. मात्र गिऱ्हाईक आयुष्याच्या मोठ्या अडचणीत असेल आणि त्याच्या हतबलतेचा फायदा घेतला गेला असेल, तर तो करार अनैतिक म्हणून रद्द ठरू शकतो, हे खालच्या न्यायालयाने पुन्हा तपासावं. माझ्या मैत्रिणीला हवी असलेली 'मान्यता' ती ही. मूर्ख बनण्याचं स्वातंत्र्य, काही अटींवर.

आता आपल्याकडचा जादूटोणाविरोधी कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ला हत्या झाली, लगेच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. मित्राच्या बोलण्यात तो सतत येतो म्हणून मी तो बसून पुन्हा वाचला. गुन्ह्यांच्या यादीत साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं आहे. आणि ज्यांना कायदा लागू नाही त्या यादीत जोशी-ज्योतिषी आणि पाणाडे (जमिनीखालचं पाणी कुठे ते सांगणारे) यांच्याबरोबर चक्क नंदीबैलवाले आहेत. म्हणजे प्रश्न विचारल्यावर मान डोलावणाऱ्या बैलाला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने अभय दिलेलं आहे! माझी मैत्रीण या कायद्यात बसत नाही हे मित्राला सांगितलं, तर तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

हे सगळं मी तटस्थपणे लिहितेय असं वाटत असेल, तर तसं नाही. मी स्वतः यातून गेलेय.

माझा बोका मन्या नऊ वर्षांचा असताना मी घर बदललं. दोन महिन्यांनी त्याचं खाणं कमी झालं. वाटीपाशी यायचा, वास घ्यायचा, एखादा घास उचलून टाकायचा आणि निघून जायचा. शेजारणीने एका बाईंचं नाव सुचवलं. फोटो पाठवायचा आणि एक फॉर्म भरायचा. नाव, वय, आणि शेवटी 'तुम्हाला काय जाणून घ्यायचं आहे?' त्या रकान्यात मी पानभर लिहिलं. घर बदललं, कामाच्या वेळा बदलल्या, तो दिवसभर एकटा असतो, मला फार अपराधी वाटतं. आठवड्याने उत्तर आलं. मन्याला एकटं वाटतंय. त्याला जुनी खिडकी आठवते. तो तुमच्यावर रागावलेला नाही, पण तुम्ही दमून येता हे त्याला कळतं.

मी ढसाढसा रडले. सगळं खरं होतं. आणि का नसेल? माझंच पत्र मला परत आलं होतं, बोक्याच्या सहीने.

त्यानंतर तीन आठवडे मी त्याचा एकटेपणा घालवत बसले. खिडकीला फळी ठोकली, लवकर घरी येऊ लागले. मन्या आणखी बारीक झाला. शेवटी पशुवैद्याकडे नेलं. त्यांनी त्याच्या तोंडाला हात लावायच्या आधी दोन मिनिटं नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, याला दुखतंय. दाताची मुळं झिजून विरघळण्याचा एक आजार मांजरांत बराच आढळतो, तो निघाला. दोन दात काढले. चौथ्या दिवशी मन्याने वाटी चाटूनपुसून साफ केली.

त्या दोन मिनिटांत त्यांनी काय पाहिलं, हे मी नंतर विचारलं. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये मांजराच्या वेदनेची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली आहे. पाच गोष्टी बघायच्या: कानांची ठेवण, डोळे किती आवळलेत, तोंडाच्या पुढच्या भागातला ताण, मिश्यांचा रोख आणि खांद्यांच्या तुलनेत डोक्याची पातळी. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. हे कळल्यावर मी मोबाइलमधले तेव्हाचे फोटो उघडले. कान बाहेरच्या बाजूला फिरलेले, डोळे अर्धे मिटलेले, मिश्या ताठ. जो फोटो मी बाईंना पाठवला होता, त्यातही. मन्याने सगळं तोंडावर लिहून ठेवलं होतं. ते आम्ही दोघींनीही वाचलं नाही, कारण आम्ही दोघी माझं पत्र वाचत होतो.

मी ज्या शहरात राहते त्याच शहरात हे नाटक शंभरेक वर्षांपूर्वी झालेलं आहे. विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त गणितशिक्षक आणि त्यांचा घोडा हान्स. हान्स खूर आपटून बेरजा करायचा, तारीख सांगायचा, अक्षरं जुळवायचा. फॉन ओस्टेन कुणाकडून एक पैसा घेत नसत. १९०४मध्ये कार्ल श्टुम्फ या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने समिती बसली आणि तिने निर्वाळा दिला की यात कसलीही लबाडी नाही. ते खरंच होतं. लबाडी नव्हती.

मग श्टुम्फचा सहकारी ऑस्कर फुंग्स्ट याने एक साधी गोष्ट केली. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली. उत्तर माहीत असणारा समोर असला की हान्स शंभरात ८९ वेळा बरोबर, नसला की जेमतेम सहा वेळा. माणूस प्रश्न विचारून खुराकडे बघायला किंचित वाकायचा, आणि योग्य आकडा आला की त्याची मान केसभर वर जायची. हान्स तिथे थांबायचा. पुढे फुंग्स्ट स्वतःच घोडा झाला. लोकांनी मनात आकडा धरायचा, हा हाताने टेबलावर टकटक करायचा. पंचवीस जणांतले दोघे सोडले तर सगळ्यांनी नकळत खूण दिली. आपण मान हलवली हे त्यांच्या गावीही नव्हतं. फॉन ओस्टेन यांनी पुढचे प्रयोग बंद पाडले.

आमचा मित्र हान्सची गोष्ट 'घोड्याला गणित येत नव्हतं' इथे संपवतो. मला ती तिथे सुरू होते असं वाटतं. गणित येत नसलेला एक प्राणी माणसाला इतकं बारीक वाचत होता, की तेरा जणांच्या समितीलाही ते दिसलं नाही. जनावरं मुकी असतात असं आपण म्हणतो, पण आपल्याबद्दल त्यांना जे कळतं त्याचा पसारा थक्क करणारा आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २०२२मध्ये चार कुत्र्यांना माणसांच्या घामाचे आणि श्वासाचे नमुने हुंगायला दिले. एक नमुना माणूस शांत असतानाचा, दुसरा त्याच माणसाला अवघड गणित घालून ताण दिल्यावरचा. ७२० पैकी जवळजवळ ९४ टक्के वेळा कुत्र्यांनी ताणाचा वास बरोबर ओळखला. 'मी दमून आले की त्याला कळतं' हे बाईंचं वाक्य त्या अर्थाने अचूक होतं. फक्त त्याला टेलिपॅथी लागत नाही, नाक लागतं.

त्यामुळे मित्राच्या 'सगळे मनाचे खेळ' या वाक्याचाही मला तितकाच कंटाळा आलाय. १९८४मध्ये प्राण्यांच्या आवाजांची अभ्यासक केटी पेन अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभी होती आणि तिला हवेत एक धडधड जाणवली. ऐकू काहीच येत नव्हतं. 'भास झाला' म्हणून ती घरी गेली असती, तर हत्ती माणसाला न ऐकू येणाऱ्या खालच्या स्वरात बोलतात हे तेव्हा कळलं नसतं. तिने जाणिवेवर विश्वास ठेवला, आणि मग ध्वनिमुद्रण करून ती तपासली. या दोन क्रियांपैकी पहिली मित्राला नको असते, दुसरी मैत्रिणीला.

मेंढपाळ, माहूत, घोड्यांचे मोतद्दार यांना जनावराचं 'आतून' कळतं, यात मला शंका नाही. पण त्यांचं कळणं कशावर घडतं ते बघा. माहूत चुकला तर त्याला त्याच दिवशी कळतं, कधीकधी हाडं मोडून कळतं. चूक दाखवणारं कुणीतरी रोज समोर असलं की अंतःप्रेरणा धारदार होते. डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांचं एरवी फारसं पटत नसे, पण २००९मध्ये दोघांनी मिळून लिहिलेल्या निबंधात त्यांचं यावर एकमत झालं. फोटो बघून बोलणाऱ्या बाईंना चूक कोण सांगणार? बोका सांगत नाही. मालक रडून आभार मानतो. मीही मानले होते, आणि दाताचं कळल्यावर त्यांना कळवलं नाही. त्या अजूनही मन्याला आपल्या यशांत धरत असतील.

अर्थात, मैत्रिणीच्या कोर्समधली एक गोष्ट मला मनापासून आवडली. रोज वीस मिनिटं प्राण्यासमोर गप्प बसायचं, फोन बाहेर ठेवून. जर्मन दिवाणी संहितेत १९९०पासून लिहिलेलं आहे की प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत. पण कुणी प्राण्याकडे वीस मिनिटं बघावं असं कुठल्याच देशाचा कायदा सांगू शकत नाही. ते या कोर्सने शिष्यांना करायला लावलं. पुढे बघताबघता डोळे मिटायला सांगतात, तिथे माझी वाट वेगळी होते.

ग्रुपवर मी शेवटी फुंग्स्टचीच चाचणी सुचवली. पाच जणांच्या पाच प्राण्यांचे फोटो, सोबत एक अक्षरही नाही, उत्तरं तिसऱ्याकडे जमा करायची, आणि आपल्या प्राण्याचं उत्तर कुठलं हे मालकांनी, कुणी न सांगता, ओळखायचं. मित्र म्हणाला, वेळ वाया. मैत्रीण मात्र तयार झाली, याचं मला आश्चर्य वाटलं आणि थोडी लाजही. तिने मला वेगळा मेसेज टाकला: "मन्याचा फोटो पाठव. काहीही लिहू नकोस."

काल संध्याकाळी फोटो शोधत बसले होते. एकात मागे न उघडलेली खोकी आहेत, एकात खिडकीला ठोकलेली ती फळी, एकात माझा ऑफिसचा लॅपटॉप आणि तीन रिकामे कप. निव्वळ मन्या असलेला एकही फोटो अजून सापडलेला नाही.