झोंबी चालेल, टाके चालणार नाहीत

मुंबईत घडणारी झोंबींची, म्हणजे चावत सुटलेल्या चालत्या मुडद्यांची, कादंबरी मराठीत यायलाच हवी. विषाणू खुशाल काल्पनिक असू दे, वाचक तेवढी एक थाप हसत पचवतो. पण पुढचं शरीर मात्र खरं हवं. आणि वैद्यकातला खरेपणा अवघड लॅटिन नावांत नसतो, घड्याळात आणि मापात असतो.

मेलेला माणूस चालवू नका. मृत्यूनंतर स्नायूंतलं एटीपी (पेशींचं इंधन) संपतं आणि आखडलेला स्नायू सुटत नाही. २ ते ४ तासांत जबडा-मान ताठ, साधारण १२ तासांत अख्खं अंग लाकूड. मे महिन्याच्या उकाड्यात त्याहून लवकर. परळच्या पुलावरून धावत येणारा झोंबी त्यामुळे जिवंतच हवा, फक्त मेंदू बिघडलेला. मग त्याला तहान लागेल, ऊन लागेल, पाण्यावाचून तो काही दिवसांत मरेल. कथानकाला याहून चांगली बंधनं कुठे मिळणार?

चावल्यावर दहा मिनिटांत डोळे पांढरे, हेही नको. नमुना म्हणून रेबीज घ्या. तो विषाणू मज्जातंतूंवाटे मेंदूकडे सरकतो, लक्षणं बहुतेकदा २ ते ३ महिन्यांनी दिसतात, म्हणून तर चावल्यानंतर दिलेली लसही कामाला येते. चावा डोक्याच्या जितका जवळ तितका वेळ कमी. म्हणजे घोट्याला चावलेला आणि गालाला चावलेला यांची मुदत वेगळी. आणि मुदत आली की लपवालपवी आली. १८९६ च्या प्लेगात याच शहरात लोक घरातले रोगी तपासणी पथकांपासून लपवत होते. लालबागच्या चाळीत चावलेला दीर माळ्यावर दडवलाय, हे प्रकरण आयतं तयार आहे.

आता जखम. कादंबरीतला डॉक्टर ती लगेच शिवतो, इथेच पुस्तक मिटावंसं वाटतं. माणसाच्या तोंडातले जंतू आत कोंडले की दोन दिवसांत पू. आधी साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं (दोन ओळींत उरकू नका, बाहेर दार वाजत असताना १५ मिनिटं फार लांब असतात). मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, वर ओलसर गॉझ, जखम उघडी. स्वच्छ राहिली तर ३ ते ५ दिवसांनी टाके. बोटांच्या पेरांवरचा चावा सर्वांत वाईट, कारण जंतू थेट कंडरांत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांत) आणि सांध्यात शिरतात. अमॉक्सिक्लॅव्ह ६२५ हे प्रतिजैविक, दिवसातून ३ वेळा, ५ दिवस, म्हणजे १५ गोळ्या. दहाची एक पट्टी एका माणसालाही पुरत नाही. केमिस्टचं शटर फोडणारी टोळी किती जणांना वाचवेल, याचा हिशेब तिथेच लागतो. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

मांडीची रोहिणी तुटली तर हातात मोजकी मिनिटं असतात. सुतळी नको, ती कातडीत रुतते आणि नसा चिरडते. पट्टी निदान ४ सेंटिमीटर रुंद, जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, गुडघ्याच्या सांध्यावर कधीच नाही. ओढणी दुमडून गाठ मारा, गाठीत लाटणं घाला आणि रक्त थांबेपर्यंत पीळ द्या. अर्धवट पीळ तर जास्त घातक: शिरा बंद होतात, रोहिणी चालूच राहते आणि रक्त उलट वाढतं. बांधल्याची वेळ कपाळावर लिहा. २ तासांनंतर पाय जायची भीती.

पावसाळा आला की झोंबींपेक्षा उंदीर जास्त मारतील. साचलेल्या पाण्यातून गेलेल्या मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) टाळायला.

आणि एक पात्र टाइप वन मधुमेही (ज्याचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) ठेवा. आपल्याकडची इन्सुलिनची नेहमीची बाटली १० मिलीची, ४० युनिट प्रति मिली, म्हणजे ४०० युनिट. शाळकरी मुलीला रोज ४० लागत असतील तर १० दिवस. वीज गेलेली, बाटली माठात गार ठेवलेली. ती संपली की काही दिवसांत उलट्या, खोल धापा, श्वासाला पिकल्या फळाचा वास. तिला कुणीही चावलेलं नसतं.