‘दुपारी फुल, रात्री दहाला अंधार’ या रिव्ह्यूला सोलर सेट विकणाऱ्या दुकानातर्फे उत्तर

नमस्कार. तुमच्या खाज्यांच्या दुकानाचा धंदा रात्रीचाच, त्यामुळे ऐन जत्रेत दिवे गेल्यावर तुमचा संताप होणं साहजिक आहे. एक स्टार देऊन तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात: 100 वॅटचं सोलर पॅनेल 65च्या वर जात नाही, कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारं चार्जिंग सांभाळणारा डबा) दुपारी दोनलाच बॅटरी फुल दाखवतो तरी दिवे रात्री दहाला जातात, आणि दुसऱ्या सकाळी लख्ख ऊन असूनही बॅटरी चार्जिंग घेत नाही. फोटो टाकलेत ते फार बरं झालं.

आधी 65 वॅट. पॅनेलवरचा 100 हा आकडा आतले सोलर सेल 25 अंश तापमानाला आणि ऊन अगदी समोरून, असा मोजलेला असतो. तुमचं पॅनेल ताडपत्रीवर आडवं पसरलंय. खालून वारा नाही, सेल 60 अंशांच्या पुढे तापतात, त्यात 13-14 टक्के जातात. शिवाय डिसेंबरात गोव्यात भर दुपारीही सूर्य डोक्यावरून 38 अंश दक्षिणेला असतो, त्यात वीसेक टक्के. पॅनेल ठीक आहे. दक्षिणेकडे तोंड करून 35-40 अंशांत उभं करा, पाठीमागे हवा खेळू द्या, 80च्या आसपास मिळतील. मे महिन्यात मात्र जवळजवळ आडवंच ठेवायचं. आणि माडापासून लांब. एका झावळीची सावलीसुद्धा पॅनेलचा मोठा भाग मारते.

खरा घोळ वायरीत आहे. कंट्रोलर पॅनेलजवळ टांगलाय आणि तिथून 8 मीटर बारीक वायर बॅटरीपर्यंत आलीय. ती 1 चौरस मिलिमीटरची दिसते. जाऊन-येऊन 16 मीटर, 5 अँपिअरला जवळजवळ 1.4 व्होल्ट वायरीतच पडतात. बॅटरीवर 13.2 असताना कंट्रोलरला 14.6 दिसतात. तो समजतो बॅटरी भरली, करंट कमी करतो आणि थोड्या वेळाने फ्लोटवर (भरलेली बॅटरी नुसती राखायच्या कमी व्होल्टवर) जातो. बॅटरी अर्धवटच राहते. खात्री करायची तर चार्जिंग चालू असताना मल्टिमीटरने आधी कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलवर, मग लगेच बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. फरक 0.2च्या वर असेल तर दोष वायरीचा. कंट्रोलर बॅटरीपासून एका मीटरच्या आत आणा, फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळ ठेवा, आणि लांब वायर पॅनेलच्या बाजूला 4 चौरस मिलिमीटरची घाला.

आता सकाळचं. तुमचे बल्ब थेट बॅटरीला जोडलेत, त्यामुळे कंट्रोलरला ते बंद करता येत नाहीत. बॅटरी उतरत गेली आणि शेवटी आतल्या बीएमएसने (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या सर्किटने) तोडली. तेव्हा टर्मिनलवर व्होल्ट जवळजवळ शून्य दिसतात, कंट्रोलरला बॅटरी आहे हेच कळत नाही, मग तो चार्ज काय करणार? बल्ब आणि पंखा कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर घ्या, कट-ऑफ (दिवे आपोआप बंद व्हायचा व्होल्ट) 12 व्होल्टला ठेवा. बॅटरी टाइप लिथियम, चार्जिंग 14.4, फ्लोट 13.5, इक्वलायझेशन (ॲसिड बॅटरीसाठीचं जादा व्होल्टचं चार्जिंग) बंद. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट.

तुमचे चार बल्ब आणि पंखा मिळून 55 वॅट, सहा तासांचे 330 वॅट-अवर. 12.8 व्होल्ट 50 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 640 असतात, म्हणजे भरलेली बॅटरी रात्र सहज काढते. पण पूर्ण उतरलेली बॅटरी या पॅनेलवर एका दिवसात भरणार नाही, चांगल्या उन्हातही दोन दिवस लागतात. हे सांगूनच आम्ही सेट विकतो. जत्रेच्या आदल्या रात्री घरी लिथियमच्या 14.6 व्होल्टच्या चार्जरवर ती भरून न्या. 10 अँपिअरचा असेल तर पाचेक तास.

बंद पडलेली बॅटरी दुकानात घेऊन या. बीएमएस जागं करून, पूर्ण चार्ज करून, तुमच्यासमोर लोड लावून क्षमता मोजून देऊ, पैसे लागणार नाहीत. तोवर तिला दुसरी बॅटरी किंवा गाडीचा चार्जर जोडून पाहू नका. येताना कंट्रोलर आणि ती वायरही आणा.